पराभवाचा भाव काय?

१६ फेब्रुवारी २०२४ ला सुन यिंगशा हरेल, असं आदल्या रात्री तुम्हाला कुणी सांगितलं असतं, तर तुम्ही त्यावर किती पैसे लावले असते?

ज्यांना हे नाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं (आमच्या निम्म्या नातेवाइकांना टीटी म्हटलं की अजून धनुर्वाताचं इंजेक्शनच आठवतं). सुन यिंगशा ही चीनची टेबल टेनिसपटू, तेव्हा महिलांमध्ये जगात पहिली. दक्षिण कोरियात बुसानला सांघिक जागतिक स्पर्धा चालू होती. भारताची गाठ चीनशी पडली आणि पहिल्याच सामन्यात तिच्यासमोर आली आपली ऐहिका मुखर्जी. क्रमवारीत १५५ वी. पहिला गेम ऐहिकाने १२-१० असा घेतला. दुसऱ्यात तिला फक्त दोन पॉइंट मिळाले. झालं, आली गाडी रुळावर, असं मलाही वाटलं (मी रेकॉर्डिंग बघत होतो, निकाल माहीत होता, तरी वाटलं!). पुढचे दोन गेम ऐहिकाने १३-११, ११-६ असे घेतले आणि सामना संपला. मग श्रीजा अकुलाने वांग यिडीला सरळ तीन गेममध्ये हरवलं. एकूण लढत आपण ३-२ ने हरलो, पण ते सोडा.

ऐहिकाच्या बॅकहँडला अँटी-स्पिन रबर आहे. साध्या रबरावर चेंडू पकडला जातो, फिरतो. या रबरावर तो पकडलाच जात नाही, घसरतो. तुम्ही जीव खाऊन टॉपस्पिन मारावा आणि समोरून यावा एक मेलेला चेंडू, डुलत डुलत. हात सवयीने एक करतो आणि चेंडू भलतंच करतो. जगातल्या पहिल्या नंबरच्या खेळाडूला जाळ्यात चेंडू मारताना पाहून मी खुर्चीतून उठून एकट्यानेच टाळ्या वाजवल्या होत्या.

हे सगळं उकरून काढायचं कारण म्हणजे आमचा भाचा.

ताईचा मुलगा न्यू जर्सीत असतो, कॉम्प्युटरवाला आहे, हुशार आहे. टेबल टेनिसची बॅट त्याने आयुष्यात हातात धरलेली नाही. गेल्या महिन्यात रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने मला दुसऱ्या फोनचा पडदा दाखवला. "मामा, हे बघ, तुझा टीटी पण आला." पडद्यावर दोन नावं, शेजारी वरखाली हलणारी एक रेघ, एका नावासमोर ७१ आणि दुसऱ्यासमोर २९. युरोपातली कुठलीशी स्पर्धा, दोघंही पहिल्या शंभराच्या बाहेरचे. भाच्याने ७१ वाल्यावर वीस डॉलर लावले होते.

"कोण जिंकेल, मामा?"

"अरे, या दोघांना मी कधी खेळताना पाहिलेलंच नाही."

"मी तरी कुठे पाहिलंय!"

असं म्हणून तो हसला. मीही हसलो. नंतर मात्र चार दिवस डोक्यात भुंगा फिरत राहिला.

आधी ही काय भानगड आहे ते सांगतो. याला म्हणतात प्रेडिक्शन मार्केट. नेहमीच्या सट्ट्यात समोर बुकी असतो, भाव तो ठरवतो, तुम्ही हरलात की पैसे त्याचे. इथे बुकी नाही, शेअर बाजारासारखे घेणारे आणि विकणारे आहेत. 'अमुक खेळाडू जिंकेल' असा एक कागद असतो म्हणा. तो जिंकला तर त्या कागदाचा एक डॉलर मिळणार, हरला तर शून्य. सामना संपेपर्यंत कागद हातोहात फिरतो आणि त्याचा भाव ७१ सेंट असेल, तर बाजाराच्या मते त्या खेळाडूची जिंकण्याची शक्यता ७१ टक्के. बाजार चालवणारी कंपनी आपली फी घेते आणि बाजूला उभी राहते. अमेरिकेत काल्शी, पॉलीमार्केट ही यातली मोठी नावं. काल्शीला तिथल्या वायदे बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाचा परवाना आहे, म्हणजे कागदोपत्री हा जुगार नाही, वायदा आहे. जानेवारी २०२५ पासून तिने खेळांच्या सामन्यांचेही वायदे सुरू केले आणि बघता बघता तिथली बहुतांश उलाढाल खेळांवरचीच झाली.

आता भाच्याची बाजू. ती मी प्रामाणिकपणे मांडतो, नाहीतर हे वाचून त्याचा फोन येईल. तो म्हणतो, मामा, टीव्हीवरचा तज्ज्ञ काहीही बोलतो कारण चुकल्यावर त्याचं काही जात नाही. इथे प्रत्येकाचे पैसे लागलेत, म्हणून प्रत्येकजण विचार करून बोलतो. हजार माणसांना हजार गोष्टी थोड्या थोड्या माहीत असतात, त्या सगळ्या त्या एका आकड्यात येतात.

यात तथ्य आहे. फ्रीडरिक हायेक नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ च्या एका निबंधात हेच सांगितलं होतं, की माहिती समाजात विखुरलेली असते आणि किंमत ती गोळा करते. आयोवा विद्यापीठात १९८८ पासून असा एक छोटा बाजार निवडणुकांवर चालू आहे, अभ्यासासाठी, कुणाला फार पैसे लावता येणार नाहीत अशी मर्यादा घालून. आणि २०२४ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत एका फ्रेंच माणसाने पॉलीमार्केटवर कोट्यवधी डॉलर कमावले, त्याची गोष्ट तर मला फार आवडते. त्याने स्वतःच्या खर्चाने जनमत चाचण्या करून घेतल्या, पण लोकांना 'तुम्ही कुणाला मत देणार' असं न विचारता 'तुमचे शेजारी कुणाला देतील' असं विचारलं. लोक स्वतःबद्दल लाजतात, शेजाऱ्याबद्दल लाजत नाहीत! (हे आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसलेल्या कुणालाही पटेल.) म्हणजे पैशाच्या आशेने का होईना, त्याने जगात नसलेली माहिती जगात आणली.

आता हाच नियम टेबल टेनिसच्या सामन्याला लावून बघा. इथे नवी माहिती कुठून आणणार? कुणाच्या शेजाऱ्याला विचारणार?

सामन्याबद्दलची सगळी उघड माहिती, म्हणजे क्रमवारी, मागचे निकाल, कोण डावखुरा आहे, ही कॉम्प्युटर एका सेकंदात चघळतो. त्यात कुणाला काही कमवायला उरत नाही. उरतं ते आतलं. कुणाचा खांदा दुखतोय. कुणी काल रात्री झोप काढली नाही. कुणी रबर बदललं आणि नवं अजून हाताला बसलेलं नाही. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ३० जुलै २०२४ ला वांग चुचिनने मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, त्या गर्दीत एका फोटोग्राफरचा पाय पडून त्याची बॅट मोडली. दुसऱ्या दिवशी जगातला हा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू स्वीडनच्या ट्रुल्स मोरेगार्डकडून ४-२ असा हरला. (मोरेगार्ड षटकोनी बॅटने खेळतो, तो पुढे थेट अंतिम फेरीपर्यंत गेला.) बॅट मोडल्याचं सगळ्या जगाला कळलं. पण दुसरी बॅट हातात कशी लागत होती हे एका वांगलाच ठाऊक, आणि त्याने पराभवाचं खापर बॅटवर फोडलं नाही. समजा, त्या रात्री सरावानंतर तो शेजारच्या खाटेवरच्या मित्राला म्हणाला असेल, "अरे, ही बॅट बरोबर नाही रे." बाजाराच्या भाषेत हे वाक्य म्हणजे मौल्यवान माहिती. माझ्या भाषेत ते दोन मित्रांमधलं बोलणं आहे.

मला जे म्हणायचंय ते कापसाच्या उदाहरणाने जास्त नीट सांगता येईल.

वायदे बाजार कशासाठी असतो? यवतमाळच्या शेतकऱ्याचा कापूस अजून बोंडात आहे. चार महिन्यांनी भाव पडला तर तो बुडेल. सूतगिरणीवाल्याला उलटी भीती, भाव चढला तर? म्हणून दोघं आजच एक भाव ठरवून टाकतात आणि रात्री झोपतात. मधे सट्टा खेळणारे येतात, पण मूळ धंदा जोखीम वाटून घ्यायचा. शेतकऱ्याला आपलं पीक कसं आहे हे जास्त कळतं, हरकत नाही, उलट त्याने बाजारात यावं अशीच अपेक्षा असते. जोखीम त्याची, माहितीही त्याची.

टेबल टेनिसच्या सामन्यात हा शेतकरी कोण? खेळाडू. हरल्याने नुकसान कुणाचं? त्याचंच. परदेशी स्पर्धेला स्वतःच्या वडिलांच्या खर्चाने आलेला, पहिल्या फेरीत हरला तर विमानाचं तिकीट अंगावर. वायदे बाजाराच्या तत्त्वाने त्याने काय करावं? स्वतःच्या पराभवाचा कागद विकत घ्यावा. जिंकलो तर बक्षीस, हरलो तर कागदाचे पैसे. विमाच आहे की! आणि नेमकं हेच आपण त्याला करू देऊ शकत नाही, कारण पाऊस शेतकऱ्याच्या हातात नसतो, पण हरणं खेळाडूच्या हातात असतं. म्हणून खेळाडू, प्रशिक्षक, पंच या सगळ्यांना आपल्याच खेळावर पैसे लावायला बंदी. बंदी योग्यच आहे. पण मग त्या बाजारात राहिलं कोण? ज्याची जोखीम आहे तो बाहेर, ज्याला माहिती आहे तो बाहेर. आत राहिला आमचा भाचा, आणि खेळाडूच्या फिजिओचा मेहुणा.

म्हणूनच निवडणुकीवरच्या बाजाराचं समर्थन मी एक वेळ ऐकून घेईन, सामन्यावरच्या बाजाराचं नाही. नाव वायद्याचं, रेघ शेअर बाजाराची, आणि आत नुसता सट्टा.

मुंबईच्या लोकांना यात नवीन काही वाटायला नको. मटक्याची सुरुवात कापसापासूनच झाली. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचा उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईला यायचा आणि त्या भावाच्या आकड्यांवर इथे पैसे लागायचे. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणं थांबलं. मग धंदा बंद पडला का? छे! चिठ्ठ्या टाकून मडक्यातून आकडे काढायला लागले. १९६२ मध्ये कल्याणजी भगतांचा कल्याण मटका, १९६४ मध्ये रतन खत्रींचा न्यू वरळी. कापूस गेला, पण 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तसेच राहिले. म्हणजे बघा, ज्या आकड्याला बाजारात काही अर्थ होता तो गेल्यावरही लोकांचं काही अडलं नाही, कारण त्यांना अर्थ कधी हवाच नव्हता.

यातली खरी गंमत पुढे आहे. ते न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंज विलीन होत होत २००७ मध्ये इंटरकॉन्टिनेंटल एक्स्चेंज या कंपनीकडे आलं. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची मालकीही आता तिचीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच कंपनीने पॉलीमार्केटमध्ये दोन अब्ज डॉलरपर्यंत पैसे घालणार असं जाहीर केलं. कापसातून निघालेला आकडा फिरून त्याच घराच्या दारात!

बरं, सगळ्या खेळांत टेबल टेनिसचीच मला एवढी काळजी का, असं कुणी विचारेल. मी खेळतो म्हणून, हे आहेच. पण हा खेळ या बाबतीत फार नाजूक आहे. फुटबॉलमध्ये अकरा जण असतात, एकाने ठरवून काही होत नाही. इथे एकच माणूस. गेम अकरा पॉइंटचा (२००१ पर्यंत एकवीसचा होता, तेव्हा जरा दम खायला जागा होती). थोडं गणित करून बघितलं. दोघांत फरक इतकाच असेल की दर वीस पॉइंटपैकी अकरा एकाला आणि नऊ दुसऱ्याला मिळावेत, तर सात गेमचा सामना पहिला खेळाडू सुमारे ८५ टक्के वेळा जिंकेल. म्हणजे बाजारात त्याचा भाव ८५. आता त्या अकरातला फक्त एक पॉइंट त्याने सोडला, की दहा-दहा झाले आणि ८५ चे झाले ५०. वीस पॉइंटमध्ये एक! बोटभर लांब गेलेला एक रिटर्न. कुणाला कळणार आहे? मला स्वतःला खेळताना वीसपैकी सहा तरी असे जातात, तेही मन लावून.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जगभरचे खेळ बंद पडले, तेव्हा रशिया आणि युक्रेनमध्ये छोट्या हॉलमध्ये, प्रेक्षकांविना, दिवसरात्र टेबल टेनिसच्या लीग चालू होत्या. एक टेबल, एक कॅमेरा, दोन खेळाडू, अर्ध्या तासात सामना, की लगेच पुढची जोडी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात मे २०२० मध्ये खेळांवरच्या सट्ट्याला नुकतीच परवानगी मिळाली होती. त्या पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त पैसे कशावर लागले? टेबल टेनिसवर! एकूण अडीच कोटी डॉलरमधला जवळपास चौथा हिस्सा. पैसे लावणाऱ्यांना ना ते खेळाडू माहीत, ना ते गाव. त्याच वर्षअखेरीस युक्रेनमधल्या लीगमध्ये सामने ठरवून खेळले जात असल्याचा संशय आला आणि न्यू जर्सीने त्यावरचा सट्टा थांबवला. हो, भाच्याच्याच न्यू जर्सीने.

तेव्हा बुकी होते. आता बाजार आला, म्हणून हॉलमधल्या त्या खेळाडूच्या खिशात काही जास्त पडलं का? एक पैसा नाही. पण त्याचा प्रत्येक फोरहँड कुणाच्या तरी रेघेवर उमटतोय.

आणि टेबल टेनिसमध्ये निकाल आतल्या खोलीत ठरण्याचा इतिहास सट्ट्यापेक्षा जुना आहे, तोही सांगायला हवा. १९८७ ची जागतिक स्पर्धा आपल्याकडे, नवी दिल्लीला होती. चीनच्या हे झिलीला सांगण्यात आलं होतं की उपांत्य सामना आपल्याच ग्वान जिआनहुआला सोडायचा. तिने ऐकलं नाही. ती जिंकली, अंतिम सामन्यात कोरियाच्या यांग यंग-जाला हरवून विश्वविजेती झाली, आणि पुढच्या वर्षी सोल ऑलिम्पिकच्या संघात तिला घेतलंच नाही. ती जपानला गेली, लग्न करून कोयामा चिरे झाली, आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत डेंग यापिंगला हरवून जपानसाठी सुवर्ण जिंकून बसली. (यावर कुणी सिनेमा काढला तर पहिलं तिकीट माझं.)

आता कल्पना करा, त्या उपांत्य सामन्याच्या आदल्या रात्री हा बाजार उघडा आहे. ग्वानच्या कागदाचा भाव अचानक वर चाललाय, कारण हॉटेलच्या त्या खोलीत काय सांगितलं गेलं ते बाहेर कळलंय. 'बाजाराला सगळं माहीत असतं' म्हणणारे खूश. आणि खोलीतून बाहेर पडलेल्या त्या मुलीने मनाशी जे ठरवलं, ते कुणाच्याच रेघेत नाही.

आपल्याकडेही २०२१ मध्ये मनिका बत्राने आरोप केला होता की ऑलिम्पिक पात्रतेचा एक सामना सोडण्यासाठी तिच्यावर दबाव आणला गेला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने महासंघाचा कारभार प्रशासकांच्या समितीकडे दिला. यात सट्ट्याचा काही संबंध नव्हता. पण 'सोड एक सामना' हे बोलणं ज्या खेळात इतकं जवळ असतं, तिथे त्या बोलण्याला बाजारभाव मिळावा याला मी तरी शहाणपण म्हणणार नाही.

भाच्याचं शेवटचं अस्त्र असं की मोठी माणसं आपले पैसे लावतात, तुझं काय जातं? माझं काही जात नाही. पण टेबलाच्या दोन्ही बाजूंना नेहमी मोठी माणसंच असतात असं कुणी सांगितलं? टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, सीरियाची हेंद झाझा खेळली, ती बारा वर्षांची होती. पॅरिसमध्ये पुरुष एकेरीचं कांस्य जिंकणारा फेलिक्स लेब्रुन सतरा वर्षांचा. या खेळात पोरं लवकर वर येतात. टेनिसमध्ये २०२४ साली खेळाडूंना समाजमाध्यमांवर ज्या शिव्या आणि धमक्या आल्या, त्यातल्या सुमारे ४० टक्के पैसे हरलेल्या सट्टेबाजांच्या होत्या असं तिथल्या संघटनांच्या अहवालात आलं. टेनिसचे मोठे खेळाडू निदान माणसं ठेवून असे निरोप गाळू शकतात. बारा वर्षांच्या मुलीचा फोन तिच्या आईकडे असेल अशी आशा करायची.

आपल्याकडे हेच 'ओपिनियन ट्रेडिंग' या गोंडस नावाने आलं होतं, क्रिकेटवर हो का नाही. एप्रिल २०२५ मध्ये सेबीने सांगितलं की हे आमच्या कक्षेत नाही, तुम्हाला कसलंही संरक्षण मिळणार नाही. ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि प्रोबोसारख्या कंपन्यांनी पैशांचे व्यवहार थांबवले. बंदीने सगळं संपतं यावर माझा विश्वास नाही, मटका कुठे संपला? आपल्या १८८७ च्या जुगार कायद्यात तर कापसाच्या भावातल्या आकड्यांवर आणि पावसावर लावलेल्या पैजांचासुद्धा उल्लेख आहे, त्यावरून आपल्या लोकांची कल्पकता दिसते. :) पण बाजार चालवणाऱ्यांना एक गोष्ट कायद्याशिवायही करता येईल. छोट्या स्पर्धांचे, पोरांच्या स्पर्धांचे सामने यादीत घ्यायचेच नाहीत. तसंही तिथे कुणाची कसली सामूहिक बुद्धी गोळा होते? भाचा मोठ्या अभिमानाने सांगत होता की त्याच्या वीस डॉलरने भाव एक सेंट हलला. मी म्हटलं, अरे, हे तर तू आणि आणखी तिघं मिळून बाजार भरवलाय!

तो ७१ वाला हरला म्हणे. भाच्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही, वीसच डॉलर होते. पण त्या दिवशी बोलता बोलता तो सहज म्हणाला, "मामा, तू रोज त्या हॉलमध्ये जातोस, तिथली पोरं बाहेर खेळायला जातात ना? तू तर सोन्याच्या खाणीवर बसलायस." तो गमतीत म्हणाला. तो चांगला मुलगा आहे, ताई, उगाच त्याला रागावू नकोस.

आमच्या हॉलमध्ये एक मुलगी येते. कॉलेजात जायच्या वयाची, खेळ असा की आम्ही म्हातारे आमचे डबल्स थांबवून बघत उभे राहतो. वर्षाकाठी एक-दोनदा बाहेरदेशी खेळायला जाते. तिचे बाबा बाकावर माझ्या शेजारी बसतात आणि सगळं सांगतात. कुठलं रबर लावलं, कोच काय म्हणाला, मागच्या स्पर्धेत रडली का. गेली चार-पाच वर्षं हे चाललंय. मला मुलगी नाही, मला ऐकायला आवडतं.

परवा ते म्हणाले, पुढच्या महिन्यात युरोपात एक स्पर्धा आहे, एंट्री भरलीय, पण तिचं मनगट... आणि माझ्याकडे बघत थांबले. पलीकडच्या बाकावर दोन मुलं मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. रोजचीच असतील, मी आजवर कधी त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

"चला," मी म्हटलं, "बाहेर चहा घेत बोलू."